अकरा पायऱ्या

मुलांनो, आज तुम्हाला डोंगरावरची गोष्ट सांगणार आहे. पण आधीच सांगून ठेवते हं, या गोष्टीत वाघ नाही, वाट चुकणं नाही आणि कोणी दरीत कोसळतही नाही. एक डोंगर आहे, एक लोखंडी शिडी आहे आणि आम्ही दोघी आहोत, मी आणि माझी मैत्रीण. मैत्रिणीने बजावलंय, "लिही खुशाल, पण माझं नाव घालशील तर बघ!" म्हणून तिला आपण नुसतं 'मैत्रीण'च म्हणू.

आम्ही दोघी डी.एड.ला असताना एकाच होस्टेलात, शेजारशेजारच्या खाटांवर होतो. खोलीत पाल निघाली की आम्ही सगळ्या जणी खाटांवर चढून किंचाळायचो आणि ही एकटी झाडू घेऊन खाली! रात्री दिवे गेले की व्हरांड्याच्या टोकाला जाऊन पाण्याची कळशी भरून आणणारी हीच. त्यामुळे 'न भिणारी मुलगी' म्हणून माझ्या मनात तिचा फोटो कायमचा लागलेला. आता ती एका गावातल्या शाळेत शिकवते, मी दुसऱ्या. वर्षातून एकदा भेटायचं आणि एक दिवस मनसोक्त पायी भटकायचं, असं आमचं ठरलेलं आहे. यंदा डिसेंबरात ठरलं, कळसूबाई!

कळसूबाई तुम्हाला भूगोलाच्या पुस्तकामुळे माहीत असेलच. महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर. उंची १६४६ मीटर. गणित आवडणाऱ्यांसाठी एक गंमत सांगते. अशा पाच कळसूबाई एकावर एक ठेवल्या, तरी एव्हरेस्टला पोचायला सहाशेवर मीटर कमीच पडतात. करून बघा गुणाकार! पण म्हणून आपल्या कळसूबाईला कमी समजायचं नाही. पायथ्यापासून माथ्यापर्यंत चढताना सगळे धापा टाकतातच.

पायथ्याचं गाव बारी. अकोले तालुक्यात, भंडारदरा धरणाजवळ. जिल्हा पूर्वीचा अहमदनगर, २०२४ पासून अहिल्यानगर. आम्ही नाशिकहून पहाटेची एसटी धरून घोटीला उतरलो आणि तिथून जीपने बारीत पोचलो. थंडी अशी की बोलताना तोंडातून वाफ येत होती. भाताची कापणी उरकलेली, शेतात नुसती खुंटं राहिलेली आणि घरांपाशी पेंढ्यांच्या गंजी रचलेल्या. गाव डोंगराच्या पूर्वेला आहे, त्यामुळे सकाळचं ऊन थेट डोंगराच्या तोंडावर पडलं होतं. सगळा कातळ तांब्याच्या भांड्यासारखा चकाकत होता.

"दोघींनी मिळून वर जायचं आणि मिळूनच घंटा वाजवायची," मैत्रीण म्हणाली. शिखरावर कळसूबाईचं छोटं देऊळ आहे ना, तिथली घंटा. मी टाळी दिली.

आठाच्या सुमारास चढायला लागलो. आधी शेतांच्या बांधावरून वाट, मग दगडांची, मग दम काढणारा चढ. रविवार होता, त्यामुळे गर्दी पुष्कळ. कॉलेजची मुलं गाणी म्हणत चालली होती. नऊवारी नेसलेल्या आज्या अनवाणी चालल्या होत्या. एक बाबा छोट्या मुलाला खांद्यावर घेऊन चालले होते. पोरगं वरून बाबांना "जोरात चला!" म्हणून हुकूम सोडत होतं.

चढता चढता मी मैत्रिणीला माझं ज्ञान पाजळून दाखवत होते. तुम्हालाही सांगते. सह्याद्रीचे डोंगर लांबून बघा, त्यांना पायऱ्या पायऱ्या असल्यासारख्या दिसतात. थोडा उतार, मग एकदम उभा कडा, परत उतार, परत कडा. असं का? तर साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे जमिनीच्या भेगांतून लाव्हा बाहेर आला. एकदा नाही, पुनःपुन्हा. एक थर थंड झाला की त्यावर दुसरा, त्यावर तिसरा. आई थालीपीठांची चळत लावते ना, तसे! काही थर टणक, काही जरा ठिसूळ. ऊन-पावसाने ठिसूळ थर झिजले, त्यांचे उतार झाले. टणक थर तसेच उभे राहिले, त्यांचे कडे झाले. या सगळ्या खडकांना 'डेक्कन ट्रॅप' म्हणतात. त्यातला 'ट्रॅप' म्हणजे उंदराचा सापळा नव्हे बरं का! पायरी किंवा जिना या अर्थाच्या एका स्वीडिश शब्दावरून तो आलाय.

"म्हणजे निसर्गानेच जिना केलाय म्हणायचा," मैत्रीण म्हणाली.

"हो, पण त्याच्या एकेका पायरीवर चढायला माणसाला शिडी लागते," मी म्हटलं आणि आम्ही दोघी हसलो.

तासा-दीड तासाने आम्ही त्या शिड्यांपाशी पोचलो. जिथे कडा अगदी उभा आहे, तिथे लोखंडी शिड्या बसवल्या आहेत. बाजूला धरायला कठडे आहेत. पहिली शिडी आम्ही बोलता बोलताच चढलो. पुढची मात्र चांगलीच उंच होती. रांग लागलेली. आमचा नंबर आला. मैत्रीण पुढे, मी मागे. तिने एक, दोन, तीन, चार, पाच पायऱ्या चढल्या आणि सहावीवर ती थांबली.

मला वाटलं, वरचा माणूस थांबला असेल. पण वरचा माणूस तर केव्हाच पुढे गेला होता. मैत्रिणीने दोन्ही हातांनी कठडा घट्ट पकडला होता. इतका घट्ट, की बोटांची पेरं पांढरी पडली होती. आणि तिचा पाय थरथरत होता. शिलाई मशिन चालते तसा टकटकटक.

"चल ना गं," मी म्हटलं.

ती गप्प.

मागून कोणीतरी ओरडलं, "ओ ताई, चला की पुढं!" दुसरं कोणी म्हणालं, "भीती वाटते तर यायचं कशाला?"

आणि मग मी ते वाक्य म्हटलं. आपण सगळे म्हणतो ते. इंजेक्शनच्या वेळी आई म्हणते, कुत्रा भुंकला की बाबा म्हणतात, स्टेजवर ढकलताना बाई म्हणतात ते वाक्य. "चल गं, काही होत नाही!"

मैत्रिणीने मान वळवली नाही. कड्याकडे बघतच ती म्हणाली, "'काही होत नाही' म्हणू नकोस. मला होतंय."

मुलांनो, बारा वर्षं ओळखते मी तिला. हा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

मागच्या लोकांना विनंती करून आम्ही दोघी एकेक पायरी खाली उतरलो. लोकांनी वाट दिली, पण तोंडं वाकडी केली. आणि खरं सांगू? मलाही तिचा राग आला होता. एवढ्या पहाटे उठून आलो, अर्ध्याहून जास्त डोंगर चढलो आणि हिला आत्ताच काय झालं? मी तोंडाने बोलले नाही. पण राग चेहऱ्यावर दिसतोच. तिला दिसला असणार.

शिडीच्या पायथ्याशी थोडी मोकळी जागा होती. तिथे एक आजी पाल लावून बसल्या होत्या. लिंबू सरबत, काकडी, आवळे असं विकायला ठेवलं होतं. शेजारी त्यांची आठ-नऊ वर्षांची नात. आजींनी सगळं पाहिलं होतं. त्यांनी गोणपाटावरची जागा झटकली.

"बस गं बाई. पानी पी आधी. डोंगर काय कुठं पळून चाल्लाय?"

मैत्रीण बसली. पाणी प्यायली. हात अजून कापत होते. आजींनी 'काही होत नाही' म्हटलं नाही. त्या म्हणाल्या, "मलाबी लई भ्याव वाटायचं. नवी नवरी होते तवा. ह्या शिड्या नव्हत्या, साखळी धरून जावं लागायचं. अर्ध्यात रडत बसले होते मी."

"मग?" मैत्रिणीने विचारलं.

"मग काय? रडून झालं की उठले."

मैत्रीण हसली. सहाव्या पायरीनंतर पहिल्यांदाच.

भीती वाटली की आपल्या अंगात काय होतं, माहीत आहे? शरीराला वाटतं संकट आलं, आता पळायला हवं किंवा लढायला हवं. मग ते रक्तात ॲड्रेनलिन नावाचं एक द्रव्य सोडतं. छाती धडधडते, श्वास भराभर चालतो, तळहातांना घाम सुटतो, स्नायू ताणले जातात. पळायचं असेल तर हे सगळं फार उपयोगी. पण शिडीवर पळायचं कुठे? मग ती ताकद आतल्या आत थरथरत राहते. म्हणजे माझ्या मैत्रिणीचा पाय काही नाटक करत नव्हता. तो तिचा जीव वाचवायला निघाला होता! अशा वेळी बसावं, पाणी प्यावं, श्वास सावकाश सोडावा. हळूहळू अंग शांत होतं. दुसऱ्याने ओरडून ते शांत होत नाही.

थोड्या वेळाने ती म्हणाली, "तू जाऊन ये. मी बसते आजींजवळ."

"दोघींनी मिळून घंटा वाजवायची ठरलंय."

"आज नाही जमत मला. तू जा. नाही गेलीस तर मला जास्त वाईट वाटेल."

डोंगरात जोडीदाराला एकटं सोडायचं नसतं, हे लक्षात ठेवा. पण इथे आजी होत्या, वाट वाहती होती आणि ती स्वतःहून सांगत होती. आजी म्हणाल्या, "जा तू. मी हाय." मग मी गेले.

शेवटच्या शिडीच्या आधी एक विहीर आहे. डोंगराच्या इतक्या वर पाणी! ते बघून मी पुढे चढले आणि माथ्यावर पोचले. काय दिसतं म्हणून सांगू! एका बाजूला अलंग, मदन, कुलंग हे तीन दुर्ग ओळीने उभे. दुसरीकडे रतनगड. लांब हरिश्चंद्रगडाचा डोंगर. खाली भंडारदऱ्याचं पाणी निळ्या कागदाच्या फाटक्या तुकड्यासारखं पसरलेलं. प्रवरा नदीवरचं हे धरण १९२६ साली पुरं झालं, म्हणजे केवढं म्हातारं झालंय बघा. वारा असा की ओढणी हातातून सुटून जाईल.

देवीच्या पाया पडले. घंटा वाजवली. टण्ण! आणि मला एकदम वाटलं, खाली तिला ऐकू गेली असेल का? छे, एवढ्या वाऱ्यात कसली ऐकू जाते! डब्यातला लाडू काढला, अर्धा मोडला आणि तसाच परत ठेवला. दहा मिनिटांत मी उतरायला लागले.

शिडी उतरताना तोंड शिडीकडे ठेवायचं, बरं का, दरीकडे नाही. आणि एक नियम पाळायचा. दोन हात, दोन पाय मिळून झाले चार. त्यातले तीन नेहमी पक्के धरलेले पाहिजेत. हलेल ते एकच. मी तसं करत उतरत होते, तेवढ्यात खालून आकडे ऐकू यायला लागले.

"सात... आठ... आता उतर!"

वाकून बघते तर काय! गर्दी ओसरली होती. आजींची नात शिडीच्या बाजूला उभी राहून मोजत होती आणि माझी मैत्रीण शिडीवर. आठ पायऱ्या वर, आठ खाली. मग परत. पोरगी तिला शिकवत होती, "एक हात सोडला का बाकीचं सोडायचं न्हाई!" अगदी तोच नियम. त्या पोरीने कुठल्या पुस्तकात वाचला असेल? ती तर रोज अनवाणी वर-खाली करते.

मी मधल्या कातळावर गुपचूप थांबून राहिले. नऊ. उतरली. बसली, पाणी प्यायली. परत चढली. दहा. थांबली. मोठा श्वास घेतला. अकरा.

अकराव्या पायरीवर ती जरा वेळ उभी राहिली. पाय थरथरत होताच. पण या वेळी ती मान वळवून खाली दरीकडे बघत होती. मग सावकाश उतरली आणि म्हणाली, "बास. आजच्यापुरतं एवढंच."

आजींनी तिला काकडी दिली आणि पैसे घेतले नाहीत. मी उरलेला अर्धा लाडू दिला. त्यातला निम्मा तिने आजींच्या नातीला दिला.

उतरताना तिने मला आजींकडून ऐकलेली गोष्ट सांगितली. कळसू नावाची एक मुलगी होती म्हणे. एका घरी कामाला राहिली. पण राहतानाच तिने अट घातली, मी केर काढणार नाही आणि भांडी घासणार नाही. बाकी काय म्हणाल ते करीन. एके दिवशी घरात पाहुणे फार आले आणि तिला नेमकं तेच काम करायला लावलं. तिने काम केलं आणि मुकाट्याने घर सोडून डोंगरावर निघून गेली. तीच ही कळसूबाई.

"मला तुझा राग आला होता," मी म्हटलं. लपवून काय करायचं?

"दिसलं मला," ती म्हणाली. मग थोडं चालून झाल्यावर म्हणाली, "मी सात वर्षांची असताना काकांनी मला पोहायला शिकवायचं म्हणून विहिरीवर नेलं. पाठीला भोपळा बांधला होता. मी म्हणत होते, आज नको, उद्या. ते म्हणाले, 'काही होत नाही' आणि दिलं ढकलून. तशी मी बुडाले नाही. लगेच वर काढलं मला. काठावरचे सगळे हसत होते. खरंच काहीच झालं नव्हतं ना! पण तेव्हापासून पायाखाली पोकळ दिसलं की मला ती विहीर दिसते. आणि पोहायला मला आजतागायत येत नाही."

मी काय बोलणार? तिचा हात धरला. आम्ही उतरत राहिलो.

बारीत पोचलो तेव्हा सूर्य मावळायला बराच अवकाश होता. पण डोंगर गावाच्या पश्चिमेला. त्याची सावली शेतांवर पसरत चालली होती. सकाळी चकाकणारा कातळ आता काळा झाला होता. मैत्रिणीने वळून वर बघितलं आणि म्हणाली, "पुढच्या वर्षी बाराव्या पायरीपासून सुरुवात."

मी काही बोलले नाही. पण एसटीत खिडकीशी बसल्यावर मला सारखा एक मुलगा आठवत होता. आमच्या चौथीच्या वर्गातला. त्याचंही नाव सांगत नाही, कारण तो हे पान नेमाने वाचतो. मनातल्या मनात तो भराभर वाचतो, पण वर्गात मोठ्याने वाचायला उभं केलं की त्याचा आवाजच फुटत नाही. कान लाल होतात. पुस्तक हातात थरथरतं. आणि मी, त्याची बाई, गेले सहा महिने त्याला काय म्हणत होते? "वाच रे! काही होत नाही. कोणी खातंय का तुला?" मुलं हसायची. मीही हसायची.

सोमवारी मराठीच्या तासाला मी त्याच्या बाकाजवळ गेले. हळूच विचारलं, "किती वाचशील? तू सांगशील तेवढंच."

तो माझ्याकडे बघत राहिला. त्याला वाटलं असेल, बाईंना आज काय झालं? मग त्याने एक बोट वर केलं. एक ओळ.

उभा राहिला. पुस्तक थरथरत होतं. त्याने एक ओळ वाचली. शेवटचे दोन शब्द मला ऐकूही आले नाहीत. आणि तो खाली बसला. मी म्हटलं, "छान," आणि पुढच्या मुलाला वाचायला सांगितलं. बास, एवढंच.

गेल्या शुक्रवारी तो साडेतीन ओळींवर आलाय. साडेतीन का, तर चौथ्या ओळीत एक जोडाक्षर अवघड होतं, तिथे थांबला. थांबू दे. जोडाक्षर पळून थोडंच जातंय!

पालकांनो, हे पान तुम्हीही वाचता, म्हणून तुम्हालाही दोन शब्द. मुलं घाबरली की त्यांना घाबरू द्या आणि काहीच करू नका, असं मी म्हणत नाही. इंजेक्शन घ्यावंच लागतं, शाळेत यावंच लागतं. पण 'काही होत नाही' ऐवजी 'दुखेल थोडंसं, मी आहे इथे' असं म्हणून बघा. आजींनी तेवढंच केलं होतं. जागा झटकून दिली आणि पाणी दिलं.

आणि मुलांनो, तुम्ही? तुमची शिडी कोणती? अंधारात मागच्या दारी जाणं? फळ्यावर गणित सोडवणं? पोहणं? की वर्गात नवीन आलेल्या मुलाशी बोलणं? ती शिडी कोणती आणि आत्ता तुम्ही कितव्या पायरीवर आहात, ते मला पत्राने कळवा. दुसरी असली तरी चालेल. नाव घालायचं नसेल तर तसं लिहा. माझ्या मैत्रिणीचंही मी घातलं नाही ना?

तुमच्या बाई